घरातील माणसाच्या मनाची पाहणी : जीव नकोसा झालेल्याला ओळखावे कसे, सावरावे कसे

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात एका मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेले व्याख्यान. वाचकांच्या सोयीसाठी उपशीर्षके दिली आहेत. – संपादक)



सकाळच्या सत्रात गुलाबी बोंडअळीवर बोलताना कीटकशास्त्राच्या सरांनी तुम्हाला सांगितले, की कामगंध सापळे लावा आणि ते रोज तपासा. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, की समजावे आता उपाय करायची वेळ झाली. अळी बोंडात शिरल्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून नुकसान डोळ्यांना दिसण्याची वाट न पाहता आधीच पाहणी करायची. हे तुम्हाला पटते आणि तुम्ही तसे करताही.

मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यातही पाहणीलाच महत्त्व आहे. पण ती शेताची नाही, घरातल्या माणसाची. एखाद्या घरातला कर्ता माणूस जीव देतो तेव्हा सांत्वनाला गेलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते, "काल तर बरा बोलला होता हो." नंतर घरातली मंडळी एकेक गोष्ट आठवू लागतात. महिनाभर झोप नव्हती, जेवण कमी झाले होते, बैलांकडे लक्ष नव्हते, दोनदा म्हणालाही होता की आता तुमचे तुम्ही पाहा. खुणा होत्या. पण त्या खुणा आहेत हे कोणी सांगितलेले नव्हते. ते सांगावे, आणि खूण दिसल्यावर काय करावे तेही सांगावे, एवढ्यासाठी मी आलो आहे.

प्रश्न किती मोठा आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात शेती क्षेत्रातील ११,२९० जणांनी आत्महत्या केली. त्यांत ५,२०७ शेतकरी होते आणि ६,०८३ शेतमजूर. महाराष्ट्राचा आकडा ४,२४८ होता आणि तो सर्व राज्यांत अधिक होता. शेतमजुरांचा आकडा शेतकऱ्यांपेक्षा मोठा आहे हे ध्यानात घ्या. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचीही विचारपूस झाली पाहिजे.

याला कारण काय, असे विचारले की एकच उत्तर दिले जाते : कर्ज. कर्ज, नापिकी, पडलेला भाव, पावसाचा खंड ही कारणे खरीच आहेत आणि त्यांवर शासनाने, बँकेने, बाजाराने उपाय केलेच पाहिजेत. परंतु एकाच गावात, एकाच दुष्काळात, तेवढ्याच कर्जाचे दहा जण असतात. त्यांतला एखादाच या टोकाला जातो. त्याच्या बाबतीत कर्जासोबत आणखी काही जुळून आलेले असते. कुठे नैराश्याचा आजार असतो, कुठे दारू, कुठे घरातले भांडण, कुठे जुने दुखणे, कुठे चारचौघांत झालेला अपमान आणि पुष्कळदा कमालीचा एकटेपणा. यांतली एक-दोन ओझी जरी उतरवता आली तरी माणूस उभा राहतो. पाऊस आपल्या हातात नाही. एकटेपणा मात्र पुष्कळ अंशी आपल्या हातात आहे.

मरण नको असते, त्रास नको असतो

माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांशी बोलताना एक गोष्ट वारंवार दिसते. त्यांना मरायचे नसते, त्यांना त्रास थांबवायचा असतो आणि दुसरा रस्ता दिसत नसतो. मनात दोन्ही बाजू भांडत असतात. एक म्हणते संपवून टाक, दुसरी म्हणते थांब.

शिवाय हा विचार सारख्याच जोराने टिकत नाही. नाल्याला पूर येतो तसा तो चढतो आणि ओसरतो. अतिशय जोराचा काळ कधी काही मिनिटांचा, कधी काही तासांचा असतो. तेवढ्या वेळात कोणी जवळ असले आणि घात करण्याचे साधन हाताशी नसले, तर माणूस बहुधा वाचतो. अशा प्रसंगातून वाचलेले बहुसंख्य लोक पुढे आत्महत्या करत नाहीत. ते संसार करतात, शेती करतात. त्यामुळे "ज्याला मरायचे आहे त्याला कोण अडवणार" हे म्हणणे चूक आहे. अडवता येते.

कोणत्या खुणा पाहाव्यात

बोलण्यातील खुणा : "माझं काही खरं नाही", "मी नसलो तर तुम्ही सुटाल", "आता सहन होत नाही", "पुढच्या पोळ्याला मी असेन-नसेन." काही वेळा हे हसत हसत बोलले जाते. "जो बोलतो तो करत नाही" अशी एक समजूत गावोगावी आहे. ती साफ चुकीची आहे. जीव देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आधी कोणाजवळ तरी तसे सूचित केलेले असते. असे वाक्य कानावर आले की हातातले काम बाजूला ठेवावे.

वागण्यातील खुणा : पारावर, देवळात, चहाच्या टपरीवर जाणे बंद होते. पेरणीसारख्या कामाची टाळाटाळ होते. जनावरांच्या चारापाण्याचा विसर पडतो. पूर्वी न पिणारा पिऊ लागतो, पिणारा जास्त पिऊ लागतो. लहानसहान कारणाने संताप येतो किंवा रडू फुटते. अचानक देणीघेणी लिहून ठेवणे, पासबुक आणि कागदपत्रे बायकोला समजावून सांगणे, आवडीची वस्तू देऊन टाकणे, कारण नसताना बहिणीला, मामाला भेटून येणे याकडे विशेष लक्ष द्यावे.

शरीरातील खुणा : पहाटे दोन-तीनलाच जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. जेवण तुटते, वजन उतरते. अंग दुखते, डोके जड होते, छातीत धडधडते. आपल्याकडचा माणूस "माझे मन उदास आहे" असे म्हणत नाही. तो "अंगात त्राण नाही" म्हणतो, सलाईन लावून घेतो. तपासण्या चांगल्या येतात पण त्रास जात नाही. अशा वेळी मनाकडे पाहावे.

आणखी एक खूण सांगतो, ती फसवी असते. अनेक दिवस बेचैन असलेला माणूस एकाएकी शांत होतो. घरच्यांना हायसे वाटते. परिस्थितीत काहीही फरक पडलेला नसताना अशी शांतता आली, तर त्याने मनाशी काही ठरवले असण्याची शक्यता असते. तेव्हा सैल न पडता जवळ राहावे आणि बोलावे.

एखादी खूण दिसली म्हणजे धोका आहेच असे नव्हे. हंगामात झोप सर्वांचीच कमी होते. पण दोन आठवडे खुणा टिकून असतील, एकापेक्षा अधिक असतील आणि माणूस पूर्वीसारखा राहिलेला नसेल, तर विचारायची वेळ आलेली आहे. मात्र मरणाची भाषा निघाली असेल तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी विचारावे.

कोणत्या काळात अधिक जपावे

पेरणीनंतर पावसाने दडी मारून दुबार पेरणीची पाळी आलेली असताना, हाताशी आलेले पीक गारपिटीत किंवा अतिवृष्टीत गेल्यावर, वसुलीची नोटीस आल्यावर, मुलीचे लग्न मोडल्यावर, घरात मोठे भांडण झाल्यावर जास्त लक्ष ठेवावे. गावात किंवा नात्यात कोणी नुकतीच आत्महत्या केली असेल, तर आधीच खचलेल्या माणसाच्या मनात तोच विचार बळावतो. अशा वेळी पारावर त्या घटनेची रसभरीत चर्चा करू नये. ते कसे केले, काय घेतले याचे वर्णन तर मुळीच करू नये.

सर्वांत मोठा धोका कोणाला? ज्याने पूर्वी एकदा प्रयत्न केला आहे त्याला. "एकदा हात पोळले, आता करणार नाही" असे समजू नये. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने फार जपण्याचे असतात.

बायकांकडे आपले दुर्लक्ष होते. कर्ज नवऱ्याच्या नावावर असते, पण किराणा, मुलांची फी, सासूचे औषध यांची तोंडमिळवणी तिला करावी लागते. वर दारूचा आणि मारहाणीचा त्रास असेल तर ती आतून खचते. बाळंतपणानंतर उदास झालेली सून "आळशी झाली" म्हणून टोमणे खाते, प्रत्यक्षात तो आजार असू शकतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत मुलामुलींना, आणि जोडीदार गेल्यानंतर म्हाताऱ्या माणसांना एकटे पडू देऊ नये.

सरळ विचारावे

आता मुख्य गोष्ट. खूण दिसली, शंका आली. पुढे काय करायचे? विचारायचे, आणि सरळ विचारायचे.

इथे सर्वांचे पाऊल अडते. "आपण विचारले आणि त्याच्या डोक्यात नसलेला विचार घातला तर?" ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिला आधार नाही. यावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. विचारल्यामुळे जीव देण्याचा विचार वाढतो असे त्यांत आढळलेले नाही. उलट माणसाला सुटल्यासारखे वाटते. कित्येक दिवस तो जे एकट्याने वाहत होता ते कोणीतरी ओळखले, याचाच आधार होतो.

विचारण्यासाठी चारचौघे नसतील अशी जागा निवडावी. बांधावर, गोठ्यात, मोटारसायकलवरून बाजाराला जाताना, जिथे दोघेच असाल तिथे. घाईत विचारू नये आणि समोरचा दारू प्यालेला असताना लांबण लावू नये. त्या वेळी फक्त सोबत राहावे. सुरुवात आपल्याला जे दिसले त्यापासून करावी.

भाऊ भावाला असे विचारू शकतो : "दादा, महिनाभर पाहतोय, तुला झोप नाही, वावरात मन नाही. मला काळजी वाटते. इतका त्रास झाला की माणसाच्या मनात मरणाचे विचार येतात. तुझ्या मनात येतात का?"

बायको नवऱ्याला विचारू शकते : "अहो, रात्री तुम्ही जागेच असता. माझ्यापासून लपवू नका. जीव द्यावा असं काही मनात येतं का? मी रागावणार नाही."

"तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" असे विचारू नये. त्या प्रश्नातच "नाही" हे उत्तर आपण मागून घेतो.

तो "हो" म्हणाला तर घाबरून जाऊ नका. आणखी तीन गोष्टी विचारा. हे विचार किती वेळा येतात? कसे करायचे ते ठरवले आहे का? कधी करायचे ते ठरवले आहे का? विचार नुसते येतात आणि जातात, त्याला मदत लवकर हवी. पण साधन, जागा, वेळ ठरलेली असेल, तर त्या माणसाला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

ऐकावे कसे

आपल्याला सल्ला द्यायची फार सवय आहे. मनातले सांगायला सुरुवात झाली की आपण मध्येच तोडतो. "मर्द माणसाने असे बोलू नये." "लोकांचे पाहा, त्यांच्यावर तुझ्या दुप्पट कर्ज आहे." "बायकापोरांचा तरी विचार कर." हे आपण चांगल्या हेतूने बोलतो. पण आपण घरावर ओझे झालो आहोत असे त्याला आधीच वाटत असते. अशा बोलण्याने अपराधीपणा वाढतो आणि तो गप्प होतो.

त्याऐवजी ऐकावे. मधे मधे एवढेच म्हणावे, "बोल, मी ऐकतोय", "मोठंच ओझं घेऊन फिरतोयस तू". तो गप्प बसला तर आपणही थोडे गप्प बसावे, उठून जाऊ नये. रडला तर रडू द्यावे. शेवटी सांगावे, "तू मला सांगितलंस हे बरं केलंस. यातून आपण दोघं मिळून मार्ग काढू." कर्ज फेडण्याचे वचन द्यायची गरज नाही, आपल्याला न पेलणारे वचन देऊच नये. सोबत राहण्याचे वचन द्यावे आणि पाळावे.

"कोणाला सांगू नकोस" अशी शपथ त्याने घातली तर ती घेऊ नये. "गावात बोभाटा करणार नाही, पण तुझ्या जिवासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांना सांगेन" असे स्पष्ट सांगावे.

फवारणीचे औषध घरापासून दूर

आपण कीटकनाशकाला औषध म्हणतो, आणि म्हणूनच ते घरात, खाटेखाली, देवळीत ठेवताना काही वाटत नाही. ते विष आहे आणि विषासारखेच ठेवावे.

याचा परिणाम किती होतो ते शेजारच्या श्रीलंकेने दाखवून दिले आहे. तेथे १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घालण्यात आली. त्यानंतरच्या सुमारे २० वर्षांत त्या देशातील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ ७० टक्क्यांनी उतरले. आणि बंदीमुळे पिकांचे उत्पादन घटल्याचे दिसले नाही. पूर ओसरेपर्यंत विष हाताशी नसले तर किती जीव वाचतात हे यावरून कळते.

त्याच देशात दुसराही अभ्यास झाला. अनेक गावांत घरोघरी कीटकनाशके ठेवण्यासाठी कुलपाच्या पेट्या वाटल्या. पण तेवढ्याने विषप्राशनाचे प्रकार कमी झाले नाहीत. तेव्हा नुसत्या पेटीवर विसंबू नये. माझे सांगणे असे, की फवारणीला लागेल तेवढेच आणावे, साठा करू नये. उरलेले आणि रिकामे डबे घरात ठेवू नयेत. ज्या घरात कोणाबद्दल काळजी आहे, त्या घरातून तर सर्व कीटकनाशक आणि तणनाशक त्याच दिवशी बाहेर काढावे. भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या गोदामात कुलपात ठेवावे आणि फवारणीच्या दिवशीही ते दुसऱ्याने आणावे. किल्ली कोठे आहे हे त्या माणसाला माहीत नसावे. घरातील दुखण्याच्या गोळ्यांबाबतही हीच काळजी घ्यावी.

विष पोटात गेल्याची शंका जरी आली तरी वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप काही पाजू नये. कपड्यांवर, अंगावर सांडले असेल तर आपल्या हाताला लागू न देता कपडे काढून अंग धुवावे. डाव्या कुशीवर निजवावे. डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी. "काही होत नाही, बरा आहे" असे तो म्हणाला तरी न्यावेच, कारण काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

पोलिसांच्या भीतीने लोक दवाखाना टाळतात. कायदा आता बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे त्यात गृहीत धरले आहे. त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घेण्याची, उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही जुने ३०९ कलम राहिलेले नाही. दवाखान्यात नोंद होईल, जबाब घेतला जाईल, त्याला घाबरू नये.

मदत कोठे मिळते

मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. नैराश्य हा मधुमेहासारखा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता बंदही करू नयेत. गोळ्यांचा साठा रुग्णाच्या ताब्यात न देता घरच्यांनी रोजची मात्रा द्यावी. देवदर्शनाला, महाराजांकडे जायचे असेल तर खुशाल जावे. उपचार मात्र थांबवू नयेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी प्रथम बोलावे. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतात. टेलिमानस ही शासनाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. स्वतः त्रासात असलेल्याने फोन करावाच, पण "माझा भाऊ असे बोलतो, मी काय करू" हे विचारायलाही करावा. आपल्या राज्याने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशा ताईंकडे खचलेल्या व्यक्ती शोधण्याचे काम दिले गेले. गावातील आशा ताई हा या बाबतीत मोठा दुवा आहे. तिला सांगण्यात कमीपणा मानू नका.

गावपातळीवर काम केले तर काय होते याचा एक दाखला अमरावती जिल्ह्यात आहे. तेथील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी घरोघरी विचारपूस, सल्ला आणि गरजूंना डॉक्टरपर्यंत पोहोचवणे असे त्याचे स्वरूप होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात जीव देण्याचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे सगळे त्या एका कार्यक्रमाचेच फळ असे म्हणता येणार नाही. पण गावातले साधे शिकलेले माणूसही हे काम करू शकते, हे त्यातून नक्की दिसले.

कागदाचे ओझे वाटून घ्यावे

मन थोडे हलके झाले की ज्या प्रश्नाने ते जड झाले त्याकडे वळावे. खचलेल्या माणसाला सगळी देणी मिळून एकच डोंगर दिसतो. सोबत बसून एका वहीत लिहून काढावे : बँक किती, सोसायटी किती, कृषी केंद्राची उधारी किती, सावकार किती, आणि कोणते आज द्यायलाच हवे. बँकेत त्याच्याबरोबर जावे. आपत्ती जाहीर झालेल्या भागात पीक कर्जाचे पुनर्गठन करून हप्ते पाडून देण्याची तरतूद असते, त्याविषयी विचारावे. विनापरवाना सावकाराचा जाच असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. अवैध सावकारीत गेलेली जमीन चौकशीअंती परत देण्याचा अधिकार त्यांना आहे.

एका दिवसात एकच काम काढावे. एक कागद मार्गी लागला की माणसाला पुढचा दिवस दिसू लागतो.

आणि पुन्हा जावे. पहिल्या भेटीत सगळे धावून येतात, आठ दिवसांनी कोणी फिरकत नाही. "परवा येतो" म्हटले तर परवा जावेच. ही जबाबदारी एकट्या बायकोवर टाकू नये. भाऊ, मेव्हणा, मित्र अशा तीन-चार जणांनी दिवस वाटून घ्यावेत. सांभाळणाराही थकतो, त्याचीही चौकशी करावी.

शेवटी एक गोष्ट. सगळे करूनही कधी कधी माणूस हातातून जातो. अशा घरात जाऊन "तुमच्या लक्षात कसे आले नाही" असे कोणी विचारू नये. त्यांनी शक्य ते केलेले असते. त्या माउलीला वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे सोबत न्यावे, तिच्या पेरणीला दोन दिवस औत द्यावे. त्या घरातल्या मुलांच्या मनाकडेही लक्ष ठेवावे.

आज घरी गेल्यावर मनात ज्याचे नाव आले असेल, त्याला उद्या सकाळी भेटा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : विचारले तर तो चिडतो, "मला काही झाले नाही" म्हणतो. काय करावे?
उत्तर : वाद घालू नये. "बरं, पण मी आहे, कधीही हाक मार" असे सांगून दोन दिवसांनी पुन्हा जावे. तो ज्याचे ऐकतो अशा माणसाला, मामाला किंवा जुन्या शिक्षकांना, सोबत घ्यावे. आणि तो बोलो न बोलो, औषधाचे डबे मात्र घरातून हलवावेत.

प्रश्न : तो नुसती धमकी देतो, घरच्यांना घाबरवतो असे वाटते.
उत्तर : धमकी कोणती आणि खरे काय, हे तुम्हाला-मला बाहेरून ठरवता येत नाही. धमकी देणारा माणूसही त्रासातच असतो. प्रत्येक वेळी खरे समजून वागावे.

प्रश्न : माझ्या स्वतःच्याच मनात असे विचार येतात. कोणाला सांगू?
उत्तर : तुम्ही हे लिहून पाठवलेत, यालाच हिंमत लागते. सभा संपल्यावर मी मंडपाच्या मागे थांबतो, तिथे भेटा. ज्यांना इथे बोलणे जमणार नाही त्यांनी १४४१६ ला फोन करावा आणि आज रात्री घरातल्या एका माणसाला तरी सांगावे. विचार जोरात असतील तेव्हा एकटे राहू नका. माणसांत जाऊन बसा. तो जोर ओसरतो.

लक्षात ठेवा

१. मरणाची भाषा कधीही थट्टेवारी नेऊ नये.
२. सरळ विचारावे, विचारल्याने विचार वाढत नाही.
३. सल्ला कमी, ऐकणे जास्त.
४. कीटकनाशक, तणनाशक घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात.
५. बेत ठरलेला असेल तर एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखाना.
६. टेलिमानस १४४१६, रुग्णवाहिका १०८.
७. पुन्हा जावे, पुन्हा विचारावे.